इर्साने दार लावलं तेव्हा

काबाइग्वान, ४ मार्च

आर्सेनिओ सर,

अक्षरावरून ओळखलं असेल. नसेल तर सांगते, मी येनीसेल. नववीतली, खिडकीजवळ बसणारी. तुमची बदली सिएनफुएगोसला झाली हे कळलं होतं, पत्ता मात्र आईने शाळेत जाऊन आणला. मी फाटकाबाहेर उभी होते.

तुम्ही दोनदा घरी आलात आणि मी दोन्ही वेळा भेटले नाही. पहिल्यांदा मी खरंच घरात नव्हते. दुसऱ्यांदा पाण्याच्या टाकीमागे होते. तुमचे बूट दिसत होते मला. डाव्या बुटाची नाडी सुटली होती.

शाळा मी आईच्या बोटांमुळे सोडली. ते तिने सांगितलंच तुम्हाला. बोटं सुजून वाकडी झाली, चिरूट वळता येईनात, म्हणून मग मी शिकले. नऊ महिने कारखान्यात शिकाऊ होते, आता आईच्याच टेबलावर बसते. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाहीये. माझे चिरूट तपासणीतून परत येत नाहीत. पहिल्या वर्षाला असं कुणाचं होत नाही, असं तपासणारा म्हणाला. मला नाही म्हणाला, दुसऱ्याला सांगताना मी ऐकलं.

पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. त्या दुसऱ्या वेळी तुम्ही आईकडे दोन पुस्तकं ठेवून गेलात. झेरॉक्स काढून दोऱ्याने शिवलेली. 'मिठाचे दिवस' आणि 'अकरावं होडकं'. जग संपल्यावर जगणाऱ्या पोरांच्या गोष्टी. तुम्ही वर्गात ह्याच दोन्हींची तुलना करा म्हणाला होता. सर, त्यातलं 'मिठाचे दिवस' कालपासून आमच्या हॉलमध्ये मोठ्याने वाचतायत! एकशे वीस माणसांना!

तुम्ही कधी आत आला नाहीत म्हणून सांगते. आम्ही वळत असतो आणि समोरच्या ओट्यावर बसून एनेइदा बाई वाचत असतात. सकाळी वर्तमानपत्र, जेवणानंतर कादंबरी. कुठली कादंबरी हे आम्ही हात वर करून ठरवतो, साहेब लोक नाही. आवडलं की तंबाखूचं पान कापायची पाती टेबलावर ठोकायची. नाही आवडलं की पाती खाली जमिनीवर टाकायची. एवढंच. ह्यापेक्षा जास्त कुणी बोलत नाही, आणि मला ते फार सोयीचं आहे.

पुस्तक मी एनेइदा बाईंच्या टोपलीत गुपचूप ठेवलं होतं. चिठ्ठीवर नाव नाही घातलं. त्यांनी पहिलं पान वाचून दाखवलं आणि मतं पडली. कुणाला माहीत नाही ते कुणी आणलं.

तुम्हाला आता माहीत आहे.

येनीसेल


काबाइग्वान, ११ मार्च

आर्सेनिओ सर,

उत्तर आलं नाही, हरकत नाही. मी वाट बघत नव्हते. म्हणजे थोडी बघत होते.

पहिल्या आठवड्यात नुसता धिंगाणा झाला. इर्साच्या गावात समुद्राचं खारं पाणी सगळ्या विहिरींत शिरतं, लाईट जाते ती जातेच, पावासाठी रांग लागते, हे एनेइदा बाईंनी वाचलं. लगेच शेजारच्या टेबलावरची सोइला मावशी ओरडली, "अहो बाई, ही कादंबरी आहे की मागच्या मंगळवारचा पेपर?"

एनेइदा बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "सोइला, गप्प बस. पुढे लोक मरतात."

"मग बरोबर. मागच्या मंगळवारी कुणी मेलं नव्हतं."

सगळे हसले. मीही हसले, पानाकडे बघत. सोइला मावशी मला 'मुकी' म्हणते. त्यात वाईट काही नसतं. घरून आणलेल्या शिजवलेल्या रताळ्यातला अर्धा तुकडा रोज माझ्या टेबलावर ठेवते आणि म्हणते, "खा मुके, पोट तरी बोलेल."

वळता वळता माझ्या डोक्यात तुलना चालू असते. तुम्ही म्हणाला होता, आधी सारखं काय ते बघा, मग वेगळं काय ते. सारखं हे आहे, की दोन्ही पुस्तकांत मोठी माणसं एक यादी करतात. कोणाला जहाजात घ्यायचं, कोणाला नाही. आणि दोन्हीकडे आपलं माणूस यादीत नाही. इर्साही नाही, तेओही नाही. हे वाचताना मला हजेरीपट आठवला. माझं नाव आडवी रेघ मारून खोडलं असेल, की नवीन पटावर लिहिलंच नसेल? कुठलं जास्त वाईट, ठरवता येत नाही.

वेगळं असं. इर्सा एकटी आहे. मिठाच्या गोदामात लपलेली एक गोड्या पाण्याची विहीर तिला सापडते, आणि सोबत सहा वर्षांचा भाऊ निलो. तेओ मात्र होडक्यावरच्या अकरा पोरांतला एक आहे. इर्सा खोटं बोलायला शिकते, कुणावर विश्वास ठेवत नाही. तेओ आपल्या वाटचं पाणीसुद्धा देऊन टाकतो. म्हणून सगळ्यांना तेओ आवडतो. वर्गातही सगळ्यांनी तेओच घेतला होता, आठवतं?

मी इर्सा घेतली होती.

एवढंच आज. साच्यात ठेवलेले चिरूट फिरवायची वेळ झाली.

येनीसेल


काबाइग्वान, १८ मार्च

सर, मी पुस्तक बुडवलं.

काल सोमवारी सकाळी नऊपासून लाईट नव्हती. पंखे बंद, माइक बंद. अशा दिवशी एनेइदा बाई नुसत्या गळ्यावर वाचतात आणि हॉल इतका शांत होतो, की पान उलटल्याचं कळतं. काल ते पान आलं. इर्साची मैत्रीण काया चार दिवस चालून गोदामाच्या दाराशी येते. ओठ फुटलेत. दार वाजवते. इर्सा निलोच्या तोंडावर हात ठेवते आणि आतून अडसर घालते.

मी ते चार वेळा वाचलंय. तरी हाताला घाम सुटला. आणि पाती निसटली.

खाली फरशी आहे, सर. टण्णकन वाजली. त्या शांततेत कारखान्याच्या फाटकापर्यंत ऐकू गेली असेल.

सोइला मावशी उभीच राहिली. "बघा, बघा! मुकीलासुद्धा सहन झालं नाही!" आणि तिने तिची पाती टाकली. मग पलीकडच्या रांगेतून एक. मग तीन-चार. मग नुसता पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज. निम्म्या हॉलने टाकल्या असतील.

कासिमीरो आजोबांनी सगळ्यात शेवटी टाकली. ते चाळीस वर्षं वळतायत, त्यांची पाती मी कधी टेबलावरून हललेली पाहिली नाही. ते म्हणाले, "त्या मोठ्या वादळात माझ्या आईने शेतातल्या वादळझोपडीत एकोणीस माणसं घेतली. आम्ही तंबाखूवाले वादळात दार लावत नाही. ह्या मुलीची गोष्ट मला इथे ऐकायची नाही."

एनेइदा बाईंनी बोट आत ठेवून पुस्तक मिटलं. मला विचारलं, "येनीसेल, सुरुवात तू केलीस. तुझं म्हणणं काय?"

मला सांगायचं होतं, निसटली हो. एवढे दोन शब्द. मी मान हलवली. काय हलवली मलाच माहीत नाही, होय की नाही.

"नकोच म्हणते ती," सोइला मावशीने सांगून टाकलं.

आता शुक्रवारी जेवणानंतर मतदान आहे. 'मिठाचे दिवस' पुढे वाचायचं, की बंद करून त्या विधवेची आणि डॉक्टरची प्रेमकथा घ्यायची. बंद झालं तर आमच्याकडे ते पुस्तक परत कधीच येत नाही, असा नियम आहे. आणि बंद करणारी मी ठरणार. माझ्याच पुस्तकाला.

ये.


काबाइग्वान, २० मार्च

सर,

उद्या मतदान आहे. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. हे पत्र टाकीन की नाही माहीत नाही.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. आईची बोटं खरंच वाकडी आहेत, पण तिने मला कधी शाळा सोड म्हटलं नाही. उलट मी सोडते म्हटल्यावर तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. बोटांचं कारण मीच दिलं. चांगलं कारण होतं. सगळ्यांनी मानलं. शेजारणींनी कौतुकही केलं, आईसाठी पोरगी उभी राहिली म्हणून. ते कौतुक मी दोन वर्षं खाल्लं.

खरं असं आहे. तुम्ही तुलनेचा निबंध लिहायला सांगितला होता आणि मी लिहिला होता. सहा पानं. तुम्ही म्हणालात, उभी राहा आणि वाच. मी उभी राहिले. चाळीस तोंडं वळली माझ्याकडे. पहिलं वाक्य 'इर्सा' ह्या शब्दाने सुरू होत होतं, ते ओठांवर होतं, पण बाहेर येईना. किती वेळ गेला माहीत नाही. मग तुम्ही येऊन वही घेतलीत, पान चाळलंत आणि म्हणालात, "हे तुझं नाही. स्वतःचं असतं तर वाचता आलं असतं. कुणाकडून लिहून घेतलंस?"

मागून कोणीतरी हसलं. मी खाली बसले. त्यानंतर मी आलेच नाही.

तुम्हाला हे आठवतही नसेल. तुम्ही दोनदा घरी आलात म्हणजे तुम्ही वाईट नाही, हे मला कळतं. पण तुम्ही आईच्या बोटांबद्दल बोलत होता आणि मी टाकीमागे बसून म्हणत होते, विचारा ना, निबंधाबद्दल विचारा.

तो माझा होता, सर. सहाच्या सहा पानं.

सोइला मावशी आली. "काय लिहितेस गं, प्रेमपत्र?" मी मान हलवली. "मग तोंड का असं, भाजलेल्या केळ्यासारखं? उद्याचं टेन्शन घेऊ नको. तू पाती टाकलीस, झालं. बोलायला आम्ही आहोत."

हीच तर अडचण आहे.

येनीसेल


काबाइग्वान, २३ मार्च, रविवार

आर्सेनिओ सर,

तुम्ही बसला असाल तर बरं. नसाल तर बसा.

शुक्रवारी एनेइदा बाईंनी विचारलं, "मतांआधी कुणाला काही बोलायचंय?" कासिमीरो आजोबांकडे बघून विचारलं त्यांनी. हात मी वर केला. आधी कुणाला दिसलाच नाही. मग सोइला मावशीने माझं मनगट धरून आणखी वर केलं, कोंबडी दाखवतात तसं.

"ये वर, माइकवर," बाई म्हणाल्या.

"नाही. इथूनच."

लाईट होती. बाईंनी माइकची वायर ओढत आणली, पण ती माझ्यापासून तीन टेबलं आधीच संपली. सगळे हसले. सोइला मावशी म्हणाली, "राहू दे ते. ती मला सांगेल, मी तुम्हाला सांगते."

मी म्हटलं, "सोमवारी माझी पाती निसटली. मी टाकली नव्हती."

"ती म्हणते, पाती निसटली!" मावशी गरजली. "आता सांगतेस होय? तुझ्या नादाने मी माझ्या पातीला खाच पाडून घेतली!"

मी म्हटलं, "इर्सा वाईट नाही."

"ती म्हणते, इर्सा म्हणजे साक्षात संत! तिच्याविरुद्ध बोलाल तर जीभ झडेल!"

"मी असं म्हटलं नाही!"

सर, ते मी ओरडले. पलीकडच्या भिंतीवर आपटून परत आलं. मावशीचं तोंड उघडंच राहिलं आणि ती खाली बसली. तिचं काम संपलं होतं.

मला वाटलं आता सगळे वळून बघणार. पण कुणी बघितलंच नाही. मोजून चिरूट द्यायचे असतात, बोटं थांबवून चालत नाही. एकशे वीस माना खाली, एकशे वीस जोड्या हात चालू, आणि कान माझ्याकडे. माझेही हात चालू होते. चिरुटाच्या आतली पानं मुठीत जुळवत होते, मऊ मागे, जाड पुढे, आणि त्याच चालीत बोलत होते.

मी सांगितलं, की ह्या पुस्तकाला एक भावंड आहे, 'अकरावं होडकं'. त्यात तेओ म्हणून मुलगा आहे, तो कुणालाही पाणी नाही म्हणत नाही. तुम्हाला तो आवडेल. मलाही आवडतो. पण त्या होडक्यावर ब्रुना नावाची मुलगी आहे. ती बाटलीच्या झाकणाने पाणी मोजते, पोरं रडली तरी एक झाकण जास्त देत नाही. तिला सगळे कंजूष म्हणतात. शेवटी अकराच्या अकरा जगतात, आणि नाव तेओचं होतं. तेओ उदार राहू शकला, कारण कंजूषपणा ब्रुनाने केला. इर्साकडे ब्रुना नाही. तिला एकटीलाच दोघं व्हायला लागतं. दिवसभर निलोसाठी तेओ, आणि दाराशी ब्रुना. तिने दार लावलं ते चांगलं केलं असं पुस्तक म्हणत नाही. दार लावल्यावर तिला झोप लागत नाही, तुम्ही तिथपर्यंत पोचलाच नाहीत. पाती टाकायची तर सगळं ऐकून टाका.

एवढं मी आयुष्यात एकदम बोललेले नाही.

कासिमीरो आजोबा वर न बघता म्हणाले, "माझ्या आईने एकोणीस घेतले, पोरी. ती एकटीच होती. तिच्याकडेही कुणी ब्रुना नव्हती."

मी विचारलं, "मग वादळ आल्यावर दार कुणी लावलं, आजोबा?"

खोडसाळपणे नाही विचारलं, सर. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. वादळझोपडीचं दार उघडं राहिलं तर छप्पर उडतं, हे इथे सगळ्यांना माहीत आहे.

त्यांचे हात थांबले. चाळीस वर्षांत कुणी ते थांबलेले पाहिले नसतील. पार टेबलाच्या कडेला चिरुटावर गुंडाळायचं पान पसरून ठेवलं होतं त्यांनी, त्याच्याकडे बघत राहिले.

"तिनेच," ते म्हणाले. "दोरीने बांधलं. मी दोरीचं टोक धरलं होतं. नऊ वर्षांचा होतो." मग म्हणाले, "बाहेर कोण राहिलं, ते आम्ही कधी तिला विचारलं नाही."

 

मग एनेइदा बाईंनी मतं घेतली. प्रेमकथेला अठ्ठावन्न. 'मिठाचे दिवस'ला साठ. आजोबांनी कुठेच हात वर केला नाही. सोइला मावशीने दोन्हीकडे केला, तिला दोन्ही ऐकायची आहेत म्हणे, म्हणून तिचं मत बाद झालं.

आणि मग पात्या वाजल्या. टेबलांवर. आधी मागच्या रांगेत, मग सगळीकडे. मला वाटलं पुस्तकासाठी वाजवतायत. मावशीने माझ्या पाठीत धपाटा घातला. "अगं ए, वर तरी बघ! तुझ्यासाठी आहे ते!"

नाही बघितलं मी वर. पण ऐकलं पूर्ण, शेवटचा ठोका बंद होईपर्यंत.

घरी आईला सांगितलं. तिने तिचा वाकडा हात टेबलावर ठेवला आणि नखाने टक टक केलं.

गुरुवारचं पत्र आणि हे पत्र एकाच पाकिटात टाकतेय. आधी टाकायला भीती वाटत होती, आता नाही वाटत.

येनीसेल


काबाइग्वान, १६ एप्रिल

आर्सेनिओ सर,

तुमचं पत्र आलं. आठ ओळींचं. तुम्ही इतकं लहान कधी लिहीत नाही, वहीवर शेरासुद्धा अर्धं पान असायचा. त्यावरून मला कळलं, लिहिणं जड गेलं तुम्हाला.

तुम्ही लिहिलंय की तुम्हाला तो दिवस आठवतो. की तेव्हाच, वही परत देताना, तुम्हाला शंका आली होती की आपण चुकलो. पण चाळीस पोरांसमोर मागे घेता आलं नाही, म्हणून दोनदा घरी आलात, आणि तिथेही आईच्या बोटांचंच विचारलंत, कारण ते विचारणं सोपं होतं. म्हणजे तुम्हीही एक कारण धरून बसला होता. सर, मला राग आला वाचताना. मग गेला. पूर्ण नाही. पण जे राहिलंय त्याने मला त्रास होत नाही.

आता तुमच्या विचारण्याबद्दल. तुम्ही म्हणताय, सिएनफुएगोसला ये, माझ्या नववीच्या वर्गापुढे ह्या दोन पुस्तकांवर बोल, मी सगळ्यांसमोर सांगेन की निबंध तुझा होता. मोठा हॉल आहे, व्यासपीठ आहे, माइक चांगला आहे.

मी आईला वाचून दाखवलं. सोइला मावशीलाही दाखवलं, ती म्हणाली, "जा गं, मला बरोबर ने, मी सांगेन त्यांना तू काय म्हणतेस ते!" एनेइदा बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "तिकडे कशाला, आधी इथे माझ्या ओट्यावर ये. आठवड्यातून एक दिवस तू वाच, माझा घसा दमतो." त्यांना मी नाही म्हटलं. स्पष्ट म्हटलं, दोनदा. मला वाचायचं नाही, बाई. मला ऐकायचंय आणि मग मत द्यायचंय.

तुम्हालाही नाहीच म्हणते. मी येणार नाही. पोरांना तुम्ही इकडे घेऊन या. मी साहेबांना विचारलंय. मी स्वतः विचारलं, त्यांच्या खोलीत जाऊन. ते म्हणाले, कुठल्याही गुरुवारी आणा, तीस पोरं बसतील. रांगांच्या मध्ये बाकडी टाकू. 'मिठाचे दिवस' मागच्या आठवड्यात संपलं, आता 'अकरावं होडकं' चालू आहे. परवा कासिमीरो आजोबांनी ब्रुनासाठी पाती वाजवली, एकट्यानेच. कुणाचीही वाट नाही बघितली.

पोरांना आल्याबरोबर पानांच्या मधली शीर काढायला देऊ. सोपं काम आहे, कुणालाही जमतं, पण बघितल्याशिवाय होत नाही. तुम्हालाही एक जुडी देईन. तुम्ही माझ्या शेजारी बसा, मान खाली घाला, पान फाटू देऊ नका.

मग मी बोलायला लागेन.

येनीसेल
टेबल क्रमांक सत्तेचाळीस